‘रिअल इस्टेट’मधलं ‘रिअल’ आलं कुठून? रिॲलिटी या शब्दाची हकीकत

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, गाव संपून शेतं सुरू होतात तिथे हल्ली आधी दिसतात त्या प्लॉटिंगच्या पाट्या. एनए प्लॉट, सुलभ हप्ते, आणि वर मोठ्या अक्षरांत कुणाचं तरी ‘रिअल इस्टेट’. इंग्रजीच्या वर्गात यावरून एक प्रश्न हमखास निघतो. रिअल म्हणजे खरं, इस्टेट म्हणजे मालमत्ता. मग घर-जमीन तेवढी खरी मालमत्ता, आणि अंगावरचं सोनं, दावणीची बैलजोडी, बँकेतली ठेव ही काय खोटी?

असं विचारणाऱ्याला गप्प बसवू नये. त्यानं नेमक्या जागी बोट ठेवलेलं असतं. ‘रिअल म्हणजे खरं’ हे आपण शाळेत पाठ करतो, पण ‘खरं’ हा त्या शब्दाला पुढे फुटलेला अर्थ आहे. त्याच्या मुळाशी वेगळाच अर्थ आहे, आणि तो कळला की रिअल, रिॲलिटी, रिअलाइज, रिअल्टी ही सगळी भावंडं एका ओळीत उभी राहतात.

लॅटिन भाषेत ‘रेस’ असा एक शब्द होता. वस्तू, बाब, मालमत्ता, व्यवहार, कोर्टातलं प्रकरण, या सगळ्यांना तो चालायचा. मराठीत आपण ‘गोष्ट’ हा शब्द जितका सैल वापरतो, जवळपास तितकाच. या ‘रेस’वरून ‘रिआलिस’ हे विशेषण झालं, म्हणजे ‘वस्तूसंबंधीचं’. ते फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलं आणि १४व्या-१५व्या शतकांत तिथे रुळलं. त्याला पक्की बैठक मिळाली ती मात्र कोर्टात.

जुन्या इंग्रजी कायद्यात दाव्यांचे दोन मोठे प्रकार होते. समजा, कुणी तुमच्या जमिनीवरून तुम्हाला हुसकावून लावलं. तुम्ही दावा केलात आणि जिंकलात, तर कोर्ट तुम्हाला ती जमीनच परत द्यायचं. वस्तू हीच भरपाई. हा झाला ‘रिअल’ दावा, वस्तूवरचा दावा. उलट कुणी तुमचं जनावर पळवलं किंवा करार मोडला, तर बहुतेक वेळा नुकसानीचे पैसे मिळायचे. दावा त्या माणसावर असायचा, म्हणून तो ‘पर्सनल’. ज्या मालमत्तेसाठी पहिल्या प्रकारचा दावा करता येतो ती रिअल प्रॉपर्टी, बाकीची पर्सनल प्रॉपर्टी. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत याच्या जवळची जोडी आहे स्थावर आणि जंगम. म्हणून २०१६ साली केंद्रानं रिअल इस्टेटचा कायदा केला, तेव्हा त्याच्या मराठी नावात ‘स्थावर संपदा’ आलं, ‘खरी संपदा’ नाही. ते भाषांतर करणाऱ्यानं अर्थ बरोबर ओळखला होता. इंग्रजीत ‘रिअल इस्टेट’ ही जोडी १७व्या शतकात दिसू लागते. त्याच अर्थाचा ‘रिअल्टी’ हा शब्दही तेव्हाचाच. बिल्डर लोक पाटीवर लिहितात तो हा रिअल्टी. रिॲलिटीपेक्षा एका अक्षरानं तो कमी आहे, आणि घाईत वाचणाऱ्याची तिथे गल्लत होते.

वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर असं, की सोनं खोटं नाही. ‘रिअल इस्टेट’मधलं रिअल खऱ्या-खोट्याबद्दल बोलतच नाही. ते ‘वस्तू’बद्दल बोलतं.

मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते, तिचाही इथेच निकाल लावून टाकू. स्पॅनिशमध्ये ‘रेआल’ म्हणजे राजाचं, सगळी जमीन राजाची असायची, म्हणून ‘रिअल इस्टेट’ म्हणजे राजाची इस्टेट, असं ती गोष्ट सांगते. ऐकायला छान, पण चूक. स्पॅनिशमधला तो शब्द ‘रेस’पासून आलेला नाही, तो ‘राजा’ या अर्थाच्या ‘रेक्स’ या दुसऱ्याच लॅटिन शब्दाकडून येतो. रिअल माद्रिद या फुटबॉल क्लबाच्या नावात तोच राजेशाही शब्द आहे, स्पेनची जुनी नाणी आणि ब्राझीलचं चलन यांच्या नावातही तोच. आपला ‘राजन्’ त्या ‘रेक्स’चा सख्खा नातेवाईक. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द झिजत झिजत एकसारखे दिसायला लागले, इतकंच.

‘रेस’चीही आपल्याकडे सोयरीक आहे, आणि ती फार जुनी आहे. वैदिक संस्कृतात ‘रयि’ म्हणजे धन, संपत्ती. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात, अग्नीच्या स्तुतीत, हा शब्द येतो. भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘रेस’ आणि वैदिक ‘रयि’ एकाच मुळाचे मानतात. म्हणजे आज आपण ज्याला ‘वास्तव’ म्हणतो त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या तळाशी धन आहे, घरात असलेली मालमत्ता आहे. लॅटिनमध्ये मालमत्तेचा हा अर्थ पसरत जाऊन ‘कोणतीही बाब’ इथपर्यंत गेला. ‘रेस पब्लिका’ म्हणजे लोकांची बाब; त्यावरून रिपब्लिक, आपलं प्रजासत्ताक. कोर्टात वकील ‘रेस ज्युडिकाटा’ म्हणतात, म्हणजे निकाल लागून गेलेली बाब; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११मधला हा मुद्दा मराठीत ‘पूर्वन्याय’ म्हणून ओळखला जातो. तालुक्याच्या कोर्टात बांधाच्या वादाची तारीख करून आलेल्या शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द पडलेला असतो. रिॲलिटीचं मूळ त्यानं ऐकलेलं असतं, फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘वास्तव’ हा शब्द ‘वस्तू’वरून आला. जे वस्तूचं, ते वास्तव. लॅटिन भाषक ‘वस्तू’कडून ‘रिअल’कडे गेले आणि संस्कृत भाषक ‘वस्तू’कडून ‘वास्तव’कडे. कुणी कुणाची नक्कल केली नाही, दोघे स्वतंत्रपणे एकाच वाटेनं गेले. मला हे फार विलक्षण वाटतं. शिवाय ‘वस्तू’च्या मुळाशी ‘वस्’ धातू आहे, म्हणजे राहणं. त्याच धातूपासून ‘वास्तू’ म्हणजे घर, आणि ‘वास्तव्य’ म्हणजे राहणं. जे टिकून राहतं ते वास्तव. आपल्याकडेही घर आणि वास्तव हे एकाच मुळावरचे फुटवे आहेत.

निजामाच्या राज्यातून आलेले शब्द

मराठवाड्यात या विषयावर बोलायचं तर नुसत्या संस्कृतावर भागत नाही. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, उच्च शिक्षण उर्दूत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. त्यामुळे आपल्या कागदपत्रांची आणि बोलण्याची वीण वेगळी आहे. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन), मुंतखब (इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला हक्काचा कागद), खासरा (शेतवार नोंद) हे शब्द पुण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागतात. इथल्या माणसाला ते आजोबांच्या ट्रंकेतून ठाऊक असतात. १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक जमिनीच्या वादात आजही बाहेर काढलं जातं.

या विणीत ‘रिॲलिटी’साठी एक नेमका शब्द आहे, ‘हकीकत’. मूळ अरबी, फारसी-उर्दूतून आलेला. प्रमाण मराठीत त्याचा अर्थ हळूहळू ‘घडलेल्या गोष्टीचा वृत्तान्त’ असा झाला. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘थोडक्यात हकीकत अशी की’ हे वाक्य असतंच. दाव्याच्या अर्जातही ‘हकीकत’ येते. उर्दूत मात्र हकीकत म्हणजे सत्यस्थिती, रिॲलिटी. आणि ‘हकीकत’ ज्या मुळातून येते त्याच मुळातून ‘हक्क’ येतो. अरबीत ‘हक’ या एका शब्दात सत्यही आहे आणि अधिकारही. आपण सातबारावर हक्क लावतो, हक्कसोडपत्र करतो. त्या ‘हक्का’त सत्याचा अर्थ दडलेला आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या खुलताबादला सूफींची मोठी परंपरा आहे. १४व्या शतकात बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी तिथे चिश्ती परंपरा रुजवली, त्यांचा दर्गा तिथेच आहे. सूफी साधनेचे टप्पे सांगताना शरीअत, तरीकत, हकीकत, मारिफत अशी नावं येतात. नियम पाळणं ही सुरुवात, मग गुरूनं दाखवलेली वाट. हकीकत म्हणजे त्या वाटेनं जिथे पोहोचायचं ते परमसत्य. एकच शब्द खुलताबादेत साधकाच्या तोंडी ईश्वराच्या सत्याला लागतो आणि तिथल्याच पोलीस ठाण्यात मोटारसायकलच्या चोरीला. शब्द असे खालीवर करत राहतात.

‘असल’ हाही त्यातलाच. अरबीत ‘अस्ल’ म्हणजे मूळ. तहसीलमध्ये आपण ‘नक्कल’ काढतो, कारण ‘असल’ कागद दप्तरात असतो. ज्याला मूळ आहे ते असली, आणि त्याच शब्दावर जोर देऊन झालं ‘अस्सल’.

आणि मग आपला रोजचा ‘खरं’. ‘खरंय’, ‘खरं का काय?’, ‘खरं सांगू का?’ हे तर श्वासासारखं चालू असतं. कोशकार या शब्दाचं नातं ‘खर’ म्हणजे कठीण, तीक्ष्ण या संस्कृत शब्दाशी जोडतात. ‘प्रखर’मध्ये तो आजही दिसतो.

यात सत्य कुठे बसतं? ‘सत्य’ आलं ‘सत्’वरून, आणि सत् म्हणजे ‘असणारं’. इथे वस्तू नाही, मालमत्ता नाही, नुसतं असणं आहे. गंमत अशी की इंग्रजीलाही या मुळाचा स्वतःचा शब्द होता, ‘सूथ’, म्हणजे सत्य. तो आता बोलण्यातून गेला. ‘सूथसेअर’ म्हणजे भविष्य सांगणारा, या जोडशब्दात तेवढा उरला. ‘ट्रू’ हा इंग्रजीतला आजचा शब्द निष्ठेच्या अर्थातून आलाय. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ इमानी, वचनाला जागणारा असा होता.

तत्त्वज्ञांनी काय केलं

कोर्टातून हा शब्द मठांत आणि विद्यापीठांत शिरला, किंवा दोन्हीकडे एकाच काळात वावरत होता म्हणणं जास्त बरोबर. मध्ययुगातले ख्रिस्ती पंडित लॅटिनमध्ये लिहायचे. त्यांना एक भेद हवा होता: जे स्वतःहून आहे ते, आणि जे फक्त आपल्या मनात आहे ते. पहिल्यासाठी त्यांनी ‘रिआलिस’ वापरला, आणि त्यावरून ‘रिआलितास’ हे नाम केलं. १३०८ साली वारलेल्या डन्स स्कोटस या तत्त्वज्ञाच्या लेखनात ते ठळकपणे येतं. इंग्रजीत ‘रिॲलिटी’ अवतरली ती १६व्या शतकाच्या मध्यावर.

त्या काळी ‘रिअलिस्ट’ कुणाला म्हणत, हे ऐकून आजचा वाचक चक्रावतो. आज रिअलिस्ट म्हणजे जमिनीवर पाय असलेला, व्यवहारी माणूस. तेव्हा प्रश्न असा होता: गावात गणपत आहे, सखुबाई आहे, रहीम आहे, पण ‘माणूसपण’ नावाचं काही स्वतंत्रपणे आहे का? ‘आहे’ म्हणणारे ते रिअलिस्ट. ‘ते नुसतं नाव आहे, खरे आहेत ते गणपत आणि रहीम’ म्हणणारे नॉमिनलिस्ट. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पनेला अस्तित्व देणारे रिअलिस्ट ठरले. तसंच ‘ऑब्जेक्टिव्ह रिॲलिटी’चं. आज याचा अर्थ मनाबाहेरचं, कुणाच्या मतावर न अवलंबणारं वास्तव. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४१ साली हाच शब्दप्रयोग केला तो ‘मनातल्या कल्पनेत जे दाखवलं जातं ते’ या अर्थानं, म्हणजे जवळपास उलट. जुनं तत्त्वज्ञान इंग्रजीतून वाचणाऱ्या विद्यार्थ्यानं हे लक्षात ठेवलं नाही, तर पानंच्या पानं उलटी समजतील.

याच देकार्तनं १६३७च्या भूमितीवरच्या लेखनात समीकरणाच्या काही उत्तरांना ‘रिअल’ आणि काहींना ‘इमॅजिनरी’ म्हटलं. नववीच्या गणितात आपण ‘वास्तव संख्या’ शिकतो, ते नाव तिथून येतं. त्यात एक तोटा झाला. काल्पनिक संख्या म्हणजे काहीतरी बनावट, असं मुलांना वाटत राहतं. विजेच्या प्रवाहाची गणितं काल्पनिक संख्यांवर रोज चालतात आणि उत्तरं अचूक येतात. नाव ठेवणाऱ्याचा संशय संख्येला कायमचा चिकटला.

इंग्रजी भाषकाच्या मनात रिॲलिटीचं ‘वस्तूपण’ किती घट्ट आहे, याचा एक प्रसंग नोंदलेला आहे. बर्कली या तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की वस्तूंना मनापासून वेगळं अस्तित्व नाही. असणं म्हणजे कुणाच्या तरी जाणिवेत असणं. १७६३ साली हार्विच गावात यावर बोलणं निघालं, तेव्हा सॅम्युअल जॉन्सननं एका मोठ्या दगडाला जोरात लाथ मारली आणि म्हणाला, मी याचं खंडन असं करतो. हा जॉन्सन म्हणजे १७५५चा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश रचणारा. तर्कशास्त्रात ही लाथ टिकत नाही, कारण पायाला लागलेला ठणकासुद्धा जाणीवच आहे, आणि बर्कली नेमकं तेच म्हणत होता. पण ‘रेस’ या शब्दाचा जुना अर्थ त्या लाथेत पुरा उतरलाय: आडवी येते ती वस्तू, आणि वस्तू आहे ते रिअल.

हाच प्रश्न आपल्या मातीत फार आधी मराठीतून मांडला गेला. आंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरा त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, सांगते, तारखेवर अभ्यासकांत वाद आहेत, पण अद्वैत वेदान्त संस्कृत न येणाऱ्या माणसाला मराठीत समजावून देणारा हा अगदी आरंभीचा ग्रंथ, यावर नाही. वेदान्ताकडे ‘खरं’ मोजायच्या तीन पायऱ्या आहेत. अंधारात दोरी पाहून साप वाटला. घाबरलो, घाम फुटला, पण दिवा आणल्यावर साप गेला. ही प्रातिभासिक सत्ता, भासापुरती. दोरी, घर, शेत, पोटाची भूक ही व्यावहारिक सत्ता. जगण्यासाठी ती पुरती खरी आहे. आणि कशानंही न मोडणारं ब्रह्म ही पारमार्थिक सत्ता. ‘जग मिथ्या’ म्हणजे जग नाहीच, असा अर्थ लोक काढतात आणि वेदान्ताला नावं ठेवतात. तो अर्थ नाही. जग दुसऱ्या पायरीवर खरं आहे, तिसऱ्या पायरीवर टिकत नाही, एवढंच म्हणणं आहे. इंग्रजी ‘रिॲलिटी’त या पायऱ्या नाहीत. म्हणून वेदान्ताचं इंग्रजी भाषांतर वाचताना ती अल्टिमेट रिॲलिटी, एम्पिरिकल रिॲलिटी अशी विशेषणं लावून घ्यावी लागते.

वापरताना कुठे घसरतो

आता व्यवहाराचं. स्पर्धा परीक्षेची मुलं, मुलाखतीला जाणारे, इंग्रजीत अर्ज लिहिणारे, सगळ्यांची गाडी ठरावीक जागी अडते. कारण आपला ‘खरा’ हा एकच शब्द तिथल्या चार शब्दांचं काम करतो.

बोललेलं, लिहिलेलं वाक्य खरं असतं तेव्हा ट्रू. वस्तू किंवा माणूस खरा असतो तेव्हा रिअल. ‘हे खरं आहे की लातूरला रेल्वेनं पाणी आलं’ याचं इंग्रजी ‘इट इज ट्रू दॅट’ असं सुरू होईल. ‘इट इज रिअल दॅट’ म्हणत नाहीत. बातमी ट्रू, सोनं रिअल.

‘ॲक्च्युअल’चा जन्म लॅटिनच्या ‘करणं’ या क्रियापदातून. ठरवलेलं, अंदाजलेलं एकीकडे आणि झालेलं दुसरीकडे, असा फरक दाखवायचा तेव्हा तो लागतो. अंदाजपत्रकात विहिरीचा खर्च एक, ॲक्च्युअल खर्च दुसरा. मराठीत इथे ‘प्रत्यक्ष’ चपखल बसतो. ‘फॅक्ट’ही ‘करणं’ या अर्थाच्याच दुसऱ्या लॅटिन क्रियापदातून आला. आधी त्याचा अर्थ ‘केलेलं कृत्य’ असा होता, आणि त्यातही गुन्ह्याचं. गुन्ह्यानंतर गुन्हेगाराला मदत करणाऱ्यासाठी इंग्रजी कायद्यात ‘ॲक्सेसरी आफ्टर द फॅक्ट’ असा जो शब्दप्रयोग आहे, त्यात ‘फॅक्ट’ अजून याच जुन्या अर्थानं उभा आहे.

फॅक्ट आणि रिॲलिटी यांतला फरक एका उदाहरणात दाखवतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. ही फॅक्ट: तारीख, ठिकाण, टँकरच्या वाघिणी, सगळं नोंदीत आहे. त्या उन्हाळ्यात रात्री दोन वाजता नळाकडे कान लावून झोपणं, पाहुणे येतो म्हणाले की पोटात गोळा येणं, वसतिगृहातली मुलं गावी परतणं, ही रिॲलिटी. फॅक्ट सुटी असते, मोजता येते, म्हणून तिचं अनेकवचन सर्रास होतं. रिॲलिटी ही सगळी मिळून एक परिस्थिती. एरवी ती मोजत नाहीत. जगण्यातल्या कठोर बाबी सांगायच्या तेव्हा मात्र ‘रिॲलिटीज’ असं अनेकवचन चालतं.

‘बिकम अ रिॲलिटी’ म्हणजे प्रत्यक्षात उतरणं. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. तेव्हा ते रिॲलिटी झालं, असं इंग्रजीत म्हणता येईल. इथे ‘अ’ हवाच.

सगळ्यात फसवा आहे आपला ‘वास्तविक’. कोशात त्यापुढे ‘रिअल’ लिहिलेलं असतं, म्हणून मुलं वाक्याच्या सुरुवातीच्या ‘वास्तविक’चं भाषांतर ‘इन रिॲलिटी’ करतात. आता हे वाक्य पाहा: ‘वास्तविक पाऊस मृगात यायला हवा होता.’ आला का? नाही आला. मराठीतला वाक्यारंभीचा ‘वास्तविक’ जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही ते सांगतो. इंग्रजीतला ‘इन रिॲलिटी’ लोक काही समजत असताना जे झालं ते सांगतो. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. अशा वाक्यात ‘इन रिॲलिटी’ घातलं, तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल. ‘खरं तर’चीही पुष्कळदा हीच गत.

‘रिअलाइज’ म्हणजे आधी ‘प्रत्यक्षात आणणं’, मग ‘मालमत्तेचे पैसे करणं’, आणि ‘लक्षात येणं’ हा आज सर्वांना ठाऊक असलेला अर्थ त्यानंतरचा. बँकेत चेक रिअलाइज झाला म्हणतात तो मधला अर्थ. आपण म्हणतो चेक वटला.

टीव्हीवरच्या रिॲलिटी शोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिहिलेले संवाद नाहीत आणि माणसं नट नाहीत, एवढाच त्या नावाचा दावा असतो. शंभर तासांचं चित्रीकरण कापून एक तास केला की कोणता तास दाखवायचा हे कुणीतरी ठरवतंच.

‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ मात्र समजून घ्यावी. आपण ‘व्हर्च्युअल’ला ‘आभासी’ म्हणतो. दहावीच्या भिंगांच्या धड्यातही वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा असतात. ‘आभासी’ म्हटलं की फसवणुकीचा वास येतो. इंग्रजी शब्दात तो नाही. लॅटिन ‘विर्तुस’ म्हणजे सामर्थ्य, आणि त्याच्या मुळाशी आपल्या ‘वीर’ शब्दाचा भाऊबंद. रूप नसलं तरी परिणाम तोच, ते व्हर्च्युअल. फ्रेंच नाटककार आर्तो यानं १९३८ साली रंगभूमीबद्दल लिहिताना ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ असं फ्रेंचमध्ये म्हटलं होतं. संगणकाच्या जगात तो शब्द १९८०च्या दशकात पसरला. २०२२पासून आपल्या प्राप्तिकर कायद्यात ‘व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट’ नावाची मालमत्ता आहे, तिच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्या कराला ‘आभासी’ कुणी म्हणणार नाही.

ग्राउंड रिॲलिटी

मराठी वर्तमानपत्रांनी या कुटुंबातला जो शब्द सर्वांत मनापासून उचलला तो ‘ग्राउंड रिॲलिटी’. मराठवाड्यात तो रोज लागतो, कारण इथे कागदावरचं शिवार आणि डोळ्यांसमोरचं शिवार यांच्यात अंतर पडलं की माणसांचं नुकसान होतं. पैसेवारी घ्या, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं त्याचा अंदाज. पीक कापणी प्रयोगांवरून गावाची पैसेवारी काढतात, नजर, सुधारित आणि अंतिम. ५० पैशांच्या खाली आली तर गावात टंचाई मानली जाते. वर राहिली, तर शेजारच्या गावाला मिळणाऱ्या सवलती या गावाला नाहीत. आणि पाऊस तर नाल्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे नाही. गावाचा एक आकडा काढला की नाल्यापलीकडचा शेतकरी त्या आकड्यात दिसेनासा होतो. आकडा खोटा नसतो. तो ट्रू असतो, रिॲलिटी मात्र त्याच्या बाहेर राहते. मला या भेदाची कळकळ वाटते ती याच्यासाठी. तत्त्वज्ञानाच्या तासापुरता हा फरक असता, तर एवढं लांबण लावलं नसतं.

२०२१पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, जागेच्या नोंदीसह तो सरकारकडे जातो. यातली कल्पना चांगली आहे: वस्तू आधी, कागद नंतर. रेंज नसणं, वयस्कर माणसाला ॲप न जमणं, दुसऱ्याच्या हातून चुकीचं पीक नोंदलं जाणं, या अडचणी आहेत आणि त्या सोडवल्याच पाहिजेत. पण फोटोत कापूस आहे की सोयाबीन, हे कुणाच्या मतावर सोडलेलं नाही.

‘ग्राउंड रिॲलिटी’ला आपल्याकडे बोलीतले पर्याय तयार आहेत, आणि ते जास्त पक्के आहेत. ‘बांधावरची परिस्थिती’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पाय कुठे ठेवायचा ते कळतं. महसुलाच्या भाषेत ‘मौक्यावरची स्थिती’ आहे. तहसीलदारांना अर्ज लिहायला बसलेल्या एखाद्या पोरानं विचारलं तर मी त्याला ‘ग्राउंड रिॲलिटी अशी आहे की’ हे वाक्य खोडायला सांगतो. त्याऐवजी गट नंबर लिही, किती आर क्षेत्रात काय पेरलं होतं ते लिही, कोणत्या तारखेला पाणी साचलं आणि किती दिवस उभं राहिलं ते लिही, शेजारच्या दोन खातेदारांची नावं लिही, आणि शेवटी ‘मौक्यावर येऊन पंचनामा करावा’ अशी मागणी कर.